घोड्याच्या सामानासाठी घरीच लाकडी पेटी करायची आहे

घाटमाथा | २ मार्च २०२४, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

आम्ही माथेरानचे. बाबांच्या दोन घोड्या आहेत, राणी आणि बिजली. गेली तीस वर्षं आमचं घर त्यांच्या आणि त्यांच्या आधीच्या घोड्यांच्या पाठीवर उभं आहे. मी खाली कर्जतला नोकरी करते, शनिवार-रविवार वर असते.

गेल्या पावसाळ्यात पागेत उंदीर फार झाले म्हणून बाबांनी दोन्ही खोगिरं खुंटीवरून काढून आजोबांच्या वेळच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली. दसऱ्याला घोड्यांच्या पूजेसाठी ट्रंक उघडली तर खोगिरांवर करड्या-हिरव्या बुरशीची लव चढलेली. तंगाच्या (पोटाखालून आवळायच्या पट्ट्याच्या) बकला गंजून पट्ट्याला चिकटलेल्या. बिजलीच्या लगामाचा गालावरचा पट्टा हातात घेतला आणि मधोमध तुटला. बाबा काही बोलले नाहीत. ओट्यावर बसून फडक्याने एकेक पट्टा पुसत राहिले, पार अंधार पडेपर्यंत.

तेव्हाच मनाशी ठरवलं की येत्या पावसाच्या आत सामानाला चांगली लाकडी पेटी करायची, आणि स्वतःच्या हाताने करायची. घरात करवत, हातरंधा, ड्रिल मशीन आहे. काकांच्या हाताखाली वासे-रिपांचं काम केलंय, पण पेटी कधी केलेली नाही. लाकूड कुठलं घ्यावं, माप काय धरावं, आणि उंदीर आत येणार नाही पण बुरशीही धरणार नाही अशी पेटी होते का, हे जाणकारांनी सांगावं.

आणखी एक अडचण आहे. आमच्याकडे गाडी दस्तुरी नाक्यापर्यंतच येते. तिथून पुढे सामान घोड्यावर नाहीतर माणसाच्या डोक्यावर. प्लायवुडची आठ बाय चारची अख्खी शीट वर आणणं अवघड आहे.

भाकरतुकडा | २ मार्च, रात्री १०:०५

खोगीर भरायची पेटी, म्हणजे ही खरीखुरी खोगीरभरती! यातलं मला काही कळत नाही, पण वाचतोय. फोटो नक्की टाका ताई.

रंधेवाला | २ मार्च, रात्री ११:२०

ताई, आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

सागवान. दुसरं लाकूड मनात आणू नका. नवं अल्लापल्लीचं सागवान परवडणार नाही हे मलाही कळतं, पण जुने वाडे पाडतात तिथलं लाकूड मिळतं. जुन्या दाराच्या चौकटी, माळ्याच्या फळ्या. पन्नास-साठ वर्षं घरात वाळलेलं लाकूड असतं ते, आता कुठे जायचं नाही. खिळे तेवढे नीट शोधून काढा, नाहीतर रंध्याच्या पात्याला दात पडतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. सागात तेल असतं, म्हणून सरस लावण्याआधी सांध्याची जागा स्पिरिटच्या फडक्याने पुसून घ्यायची, नाहीतर सांधा वर्षभरात सुटतो. दुसरं म्हणजे रुंद फळी चारही बाजूंनी आवळून ठोकायची नाही. पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. जागा नाही मिळाली तर ते स्वतःलाच चीर पाडतं. म्हणून आमच्याकडे चौकट करून तिला आतून खाच पाडतात आणि मधली फळी त्या खाचेत सरसाशिवाय मोकळी बसवतात. फुगली तरी खाचेत सरकते.

कोपऱ्याला डोव्हटेलचा सांधा करा, म्हणजे पाचरीसारखे दात एकमेकांत अडकवायचे. खिळा लागत नाही आणि ओढलं तरी निघत नाही. पहिल्यांदा चुकेल, म्हणून आधी टाकाऊ फळीवर चार करून बघा. खतावणीने (रेघ आखायच्या सुतारी हत्याराने) रेघ मारा, पेन्सिलीने नको.

बारा_एमएम | ३ मार्च, सकाळी ८:१५

रंधेवाले दादांचा मान राखून सांगते, पहिल्याच पेटीला सागाची चौकट आणि डोव्हटेल म्हणजे पाऊस येऊन जाईल आणि पेटी अर्धीच राहील. मी ठाण्यात घरांच्या आतल्या सजावटीची कामं करते, रोज प्लाय कापून घेते. घाटमाथा, तू प्लायच घे, पण आयएस ७१० शिक्क्याचा मरीन. आयएस ३०३ हा साधा. ७१० च्या प्लायचा नमुना ७२ तास पाण्यात उकळतात, तरी थर सुटता कामा नयेत अशी त्याची चाचणी असते. तुमच्या पावसाला तोच टिकेल.

माप लांबी ३६, रुंदी २०, उंची २२ इंच धर. १२ मिमीच्या एकाच शीटमध्ये अख्खी पेटी बसते, मी कागदावर मांडून पाहिलं. शीट ९६ बाय ४८ इंच. लांबीतल्या पहिल्या ३६ इंचांत २२ इंची दोन तुकडे, ते पुढची आणि मागची बाजू. पुढच्या ३६ इंचांत २० इंची दोन, ते तळ आणि झाकण. उरतो २४ बाय ४८ चा तुकडा, त्यातून १९ बाय २२ चे दोन, ते डाव्या-उजव्या बाजूचे. हे १९ अशासाठी की ते पुढच्या-मागच्या फळीच्या आत बसतात. करवतीची जाडी धरूनही सगळं निघतं, वर ८ इंच रुंद पट्टी उरते, तिचा आतला खण कर.

शीट वर आणायचीच नाही. कर्जतला दुकानातच मशीनवर कापून घे. अख्ख्या शीटचं वजन २३ किलोच्या आसपास असतं, पण कापल्यावर सर्वात मोठा तुकडा जेमतेम चार किलोचा. सहाही तुकडे बांधले तर राणीला काहीच जड नाही.

झाकणाची एक युक्ती सांगते. झाकण वेगळं करून बसवायला जाऊ नकोस, कधीच नीट बसत नाही. आधी सहाही बाजू लावून बंद डबा कर, मग वरून चार इंचांवर चारही बाजूंनी रेघ मारून करवत फिरव. झाकण आणि पेटी एकाच डब्यातून निघतात, त्यामुळे ओठाला ओठ जुळतो. फक्त त्या रेघेवर स्क्रू मारू नकोस!

रंधेवाला | ३ मार्च, सकाळी ९:०२

झाकणाची युक्ती बरोबर आहे, आम्हीही तशीच करतो. प्लायबद्दल माझं मत तेच. कडा उघडी राहिली की पाणी तिथूनच शिरतं.

बारा_एमएम | ३ मार्च, सकाळी ९:१०

म्हणून कडेला सागाची पट्टी मारायची. तुमचं सागवान आलंच की त्यात दादा.

पागेवरचा | ३ मार्च, दुपारी २:३०

मी जयपूरला लष्कराच्या घोडदळात, ६१ कॅव्हलरीत, सवार होतो. रिटायर होऊन आता साताऱ्याजवळ गावी असतो. सुतारकाम येत नाही, पण या पेट्यांवर आयुष्य गेलं म्हणून लिहितो.

पोरी, आधी खोगीर मोज, मग पेटी. खोगीर पेटीत कसं बसणार ते ठरवल्याशिवाय फळी कापायची नाही. तळावर सपाट ठेवलेलं खोगीर मोडतं. त्याच्या आत लाकडाचा नाहीतर लोखंडाचा सांगाडा असतो, त्यावर बाजूंनी भार आला की तो वाकतो, आणि वाकलेलं खोगीर घोड्याच्या पाठीला फोड आणतं. गोल पाइपावर टाकलं तर खालच्या गाद्यांना खड्डा पडतो. दोन फळ्या कौलांच्या पाख्यांसारख्या उतरत्या लाव आणि माथ्याला तीन बोटं फट ठेव. खोगिराच्या पोटाची मधली पन्हळ त्या फटीवर येते, गाद्या दोन्ही उतारांवर टेकतात. घोड्याच्या पाठीवर जसं बसतं तसंच.

लगामाचं तोंडातलं लोखंड घोड्याच्या तोंडातून काढलं की तसंच्या तसं धुवायचं. लाळ आणि चंदी वाळली की मग घासत बसावं लागतं. अंग घासायचा खरारा, ब्रश, खुरं कोरायचा आकडा हे सगळं चामड्याच्या खणात कधी ठेवायचं नाही. त्यांच्यात घाम, केस, ओली माती असते.

आणि आता सर्वात महत्त्वाचं. पेटीच्या कडीला घोडा बांधायचा नाही. कधीच नाही. आमच्याकडे एका नवख्या पोराने चार वर्षांचा तरणा घोडा पेटीच्या कडीला अडकवला आणि पाणी आणायला गेला. कुणीतरी बादली आपटली. घोड्याने मान मागे घेतली, पेटी हलली, तिच्या आवाजाने तो आणखी बिथरला आणि पळाला. तो जितका जोरात पळे तितकी पेटी मागून त्याच्या पायावर आदळे. थांबवेपर्यंत मागच्या पायाचं कातडं हाडापर्यंत सोललं होतं. घोडा वाचला, पण पुन्हा कुणाला मागे उभं राहू देईना. म्हणून कड्या बाहेर डोकावणाऱ्या लावू नकोस. फळीत खाच पाडून हात घालायची जागा कर, नाहीतर आत दाबून बसणारी मूठ लाव.

घाटमाथा | ३ मार्च, संध्याकाळी ७:४५

काका, हे वाचून बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "कडीचं बरोबर सांगतायत, दस्तुरीला मी असंच एकदा पाहिलंय."

खोगीर मोजलं. लांबी २१ इंच. उतारावर ठेवल्यावर झडपांसकट रुंदी १७, उंची १९. म्हणजे ३६ च्या पेटीत एक खोगीर आणि शेजारी साधारण १३ इंचांचा खण. दुसऱ्या खोगिराला दुसरी पेटी लागणार.

तांबट_आळी | ३ मार्च, रात्री ९:३०

बिजागऱ्या आणि कडी-कोयंडा पितळी घ्यायचा विचार असेल तर थांबा.

ही धातुशास्त्राच्या पुस्तकातली गाजलेली गोष्ट आहे आणि ती नेमकी आपल्याच देशातल्या घोड्यांच्या तबेल्यातली आहे. ब्रिटिश अमलात लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांतून साठवली जात. पावसाळा संपल्यावर बघावं तर काडतुसांना आपोआप चिरा गेलेल्या. कुणी हात लावला नव्हता, ठोकलं नव्हतं. बरीच वर्षं कारण कळलं नाही, फक्त ऋतूबरोबर येणाऱ्या चिरा म्हणून नाव पडलं. १९२१ मध्ये उलगडा झाला. घोड्याच्या मुतातून अमोनिया सुटतो, तो दमट हवेत पितळावर बसतो, आणि दाबून-ओढून घडवलेल्या पितळात जो ताण उरलेला असतो त्या ताणावर तो नेमका चीर पाडतो.

पागेत तुम्हाला तो वास रोज येत असेल. पेटी पागेत राहणार असेल तर पत्र्यातून दाबून काढलेल्या स्वस्त पितळी बिजागऱ्या नकोत. स्टेनलेस स्टीलची पियानो बिजागरी घ्या, झाकणाच्या अख्ख्या लांबीची, आणि स्क्रूही स्टेनलेसचेच.

भाकरतुकडा | ३ मार्च, रात्री ९:५२

घोड्याच्या मुताने काडतूस फुटतं! आज झोपण्याआधी बायकोला सांगण्यासारखं काहीतरी मिळालं.

हिरडा_बाभूळ | ४ मार्च, सकाळी १०:१०

सगळे पेटीबद्दल लिहितायत, मी आत ठेवायच्या वस्तूबद्दल लिहितो. आमचं कोल्हापूरकडचं चामड्याचं काम. बाभळीची साल आणि हिरडा घालून चामडं पिकवतात त्यातलं. खोगिराचं चामडंही बहुतेक असंच झाडपाल्याच्या कसात पिकवलेलं असतं. त्याला श्वास लागतो. त्यात तेल-चरबी असते, आणि बुरशीला खायला तेच हवं असतं. दमट, बंद, काळोख, वर तेल, म्हणजे तिला जेवणाचं पान वाढून ठेवल्यासारखं झालं.

ताई, तुमच्या ट्रंकेत चुकलं ते उंदरांमुळे नाही आणि पत्र्यामुळेही पुरतं नाही. खोगिरं पावसाळ्यात पागेतून उचलली तेव्हा ती दमट होती, आणि ती तशीच बंद झाली. जूनमधली हवाच तुम्ही आत कोंडून ठेवलीत. लाकडी पेटी घट्ट बसवलीत तर तिच्यातही हेच होणार.

आता जी बुरशी धरली आहे तिच्यासाठी. घराबाहेर न्या, कोरड्या फडक्याने पुसा, ते फडकं जाळून टाका. मग स्पिरिट आणि पाणी निम्मेनिम करून पिळलेल्या फडक्याने पुसा, आधी एका कोपऱ्यात लावून रंग जात नाही ना ते बघा. सावलीत वाऱ्यावर दोन दिवस टांगा, उन्हात नको, उन्हाने चामडं तडकतं. त्यानंतर ग्लिसरीनचा साबण, आणि अगदी शेवटी पुसटसं तेल. बुरशीवर तेल चोळायचं नाही, ती मरत नाही, वाढते. तुटलेला पट्टा शिवत बसू नका. जिथे एकदा आतून कुजला तिथे पुन्हा तुटणार, आणि तेव्हा घोड्यावर एखादं लहान पोर बसलेलं असेल.

बारा_एमएम | ४ मार्च, सकाळी ११:००

मग पेटीला रबराची पट्टी लावून हवाबंद करायची आणि आत सिलिका जेल ठेवायचं. कॅमेऱ्याचं सामान आम्ही असंच ठेवतो.

हिरडा_बाभूळ | ४ मार्च, सकाळी ११:२५

कॅमेरा घोड्याच्या घामात भिजत नाही हो.

तांबट_आळी | ४ मार्च, दुपारी १:१५

सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश पाणी पितं, त्यापलीकडे नाही. एक ओला नमदा, म्हणजे खोगिराखालची गादी, आत गेला तर त्याच्यातलंच पाणी कितीतरी जास्त असतं. शिवाय पेटी रोज दोनदा उघडणार, म्हणजे दर वेळी नवी दमट हवा आत. जेल पुन्हा वापरायचं तर १२० अंशांच्या आसपास तापवून वाळवावं लागतं. पावसात माथेरानला वीज किती वेळ असते ते घाटमाथाच सांगेल.

घाटमाथा | ४ मार्च, रात्री ८:२०

जुलैत वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही. जेल बाद.

केंटकीकर | ५ मार्च, सकाळी ६:४०

मी अमेरिकेत केंटकीला असते. मुलगी घोड्यावर बसायला शिकते. इथे प्रत्येक घोड्याच्या खणासमोर अशी पेटी असतेच. झाकणावर घोड्याचं किंवा मालकाचं नाव, आत वरच्या बाजूला उचलून काढता येईल असा उथळ ट्रे, त्यात रोजच्या वापराचं. खाली जड वस्तू. झाकणाच्या आतल्या अंगाला पट्टे अडकवायला दांडी. स्पर्धेला जाताना पेटी गाडीत चढते म्हणून एका टोकाला चाकं.

इथल्या पेट्यांवर लोक दिवसभर बसतात, त्यामुळे झाकणाला आतून दोन आडव्या पट्ट्या मारा. आणि झाकण वर धरून ठेवणारा आधार लावल्याशिवाय पेटी वापरायला काढू नका. माझ्या मुलीच्या मैत्रिणीची दोन बोटं झाकणाखाली सापडली होती. आमच्या पेटीला आता दोन्ही बाजूंना साखळी आहे.

तापीकाठ | ५ मार्च, दुपारी ३:००

शहादा तालुक्यातून लिहितोय. आमच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो, तापीच्या काठावर. तिथे दूरदूरचे घोडेवाले तंबू ठोकून राहतात, त्यांच्याकडे बघाल तर पेटी नसतेच. जाड गोणपाटाची पडशी, दोन्ही बाजूंना खिसे, त्यात सगळं. चामडं रात्री तंबूच्या दांडीला टांगलेलं. सकाळी धुक्यात ओलं होतं, दुपारपर्यंत वाळतं. बुरशी लागलेली मी पाहिली नाही. अर्थात तिथे मार्गशीर्ष असतो आणि तुमच्याकडे आषाढ, हा फरक आहेच.

लगाम आणि तंग पुन्हा घ्यायचेच असतील तर बाजारात या. हातात घेऊन, वाकवून, वास घेऊन घेता येतं. दुमचीला (शेपटीखालून जाणाऱ्या पट्ट्याला) गोंडे पण मिळतील!

पागेवरचा | ५ मार्च, संध्याकाळी ६:१०

बाजारात घेताना पट्टा दुमडून बघायचा. केसासारख्या भेगा दिसल्या की ठेवून द्यायचा. आणि तापीकाठ म्हणतात त्यात तथ्य आहे. टांगलेलं चामडं राहतं, कोंडलेलं जातं.

गल्लीतला_गडी | ५ मार्च, रात्री १०:३०

जरा विषयांतर. माथेरानला ई-रिक्षा सुरू झाल्यावर घोडेवाल्यांचं कसं चाललंय?

घाटमाथा | ५ मार्च, रात्री १०:५०

त्याच्यावर वेगळा धागा काढते, इथे नको. घर अजून घोड्यांवरच चालतंय एवढं सांगते.

रंधेवाला | ६ मार्च, सकाळी ७:३०

चामड्याच्या दादांनी लिहिलेलं दोनदा वाचलं. मग पेटीला भोकं हवीतच. दोन बाजूंच्या फळ्यांना एक इंची सामता किंवा ड्रिल. एका बाजूला तळापासून चार बोटं वर तीन भोकं, समोरच्या बाजूला झाकणाच्या खाली तीन. खालून हवा शिरते, वरून निघते. दोन्ही भोकं समोरासमोर एका उंचीवर केलीत तर वारा सरळ निघून जाईल आणि तळ तसाच दमट राहील. आतून स्टेनलेसची बारीक जाळी, चारही बाजूंनी पट्टीखाली दाबून. नुसती स्टेपल मारलेली जाळी उंदीर उचकटतो. पेटीच्या खाली दोन इंची ठोकळे, म्हणजे जमिनीची ओल लागत नाही आणि खालून झाडता येतं.

ठोकळे मात्र सागाचेच. एवढं माझं ऐका.

घाटमाथा | ६ मार्च, सकाळी ८:००

ऐकलं दादा.

नवा_सदस्य_४१ | ६ मार्च, सकाळी ११:४०

कंपन्यांच्या बाहेर सामान येतं त्याचे लाकडी पॅलेट फुकट मिळतात. त्यांचं करता येईल का?

बारा_एमएम | ६ मार्च, दुपारी १२:१५

करता येईल, पण त्यावरचा शिक्का बघा. एचटी अशी रोमन अक्षरं असतील तर लाकूड नुसतं तापवून निर्जंतुक केलेलं असतं, ते चालेल. एमबी असेल तर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते घरात नको आणि घोड्याजवळ तर नकोच, घोडी लाकडाला दात लावतात. शिक्काच नसेल तर कशात काय सांडलंय कळायला मार्ग नाही.

पागेवरचा | ६ मार्च, दुपारी १:३०

दात लावतात हे खरं. कडांना अॅल्युमिनियमचा कोन मारून घ्या, नाहीतर सागाची पट्टी महिन्यात कुरतडलेली दिसेल.

घाटमाथा | १० मार्च, रात्री ९:१५

प्लाय कर्जतला कापून आणला. तुकडे गोणपाटात बांधून राणीवरूनच वर आणले. बाबा लगाम धरून पुढे, मी मागे, वाटेत पाहुणे विचारत होते हे काय. बाबा सांगत होते, "तिचंच कपाट आहे, तीच नेतेय."

एक प्रश्न. बाहेरून रंग लावू की जवसाचं तेल? बाबांना तेलच हवंय, लाकूड दिसलं पाहिजे म्हणतात.

रंधेवाला | १० मार्च, रात्री ९:५०

जवसाचं तेल चांगलं. पातळ हात, फडक्याने चोळून, दोन दिवस वाळवून पुन्हा, असे तीन-चार हात. साचू द्यायचं नाही, चिकट राहतं. पेटीच्या आतून काही लावू नका. तिथे वास कोंडतो आणि चामडं तेल ओढून घेतं.

तांबट_आळी | १० मार्च, रात्री १०:०५

थांबा, थांबा! तेलाच्या फडक्यांचं काय करणार ते आधी ठरवा. जवसाचं तेल वाळतं म्हणजे हवेतला प्राणवायू घेतं, आणि ते घेताना तापतं. पसरलेल्या फडक्यातली उष्णता उडून जाते. चुरगाळून टाकलेल्या फडक्यात ती आत साठत जाते, आणि काही तासांनी ते फडकं काडी न लावता पेट घेतं. ही ऐकीव गोष्ट नाही, सुताराच्या कारखान्यांना अशा आगी लागलेल्या आहेत. तुमच्याकडे तर शेजारी वाळलं गवत आणि बांधलेली जनावरं.

काम झालं की लगेच फडकं पाण्याच्या बादलीत बुडवा. नाहीतर बाहेर दगडावर एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवा. पागेत एकही न्यायचं नाही.

रंधेवाला | १० मार्च, रात्री १०:२०

हे लिहायचं माझ्याकडून राहिलं, राहायला नको होतं. आमच्या वडिलांच्या दुकानात भुश्याच्या ढिगावर टाकलेलं फडकं धुमसताना मी लहानपणी पाहिलंय. तांबटदादा, आभार.

घाटमाथा | १० मार्च, रात्री १०:३०

बादली भरून ठेवली.

घाटमाथा | १४ एप्रिल, रात्री ८:००

पेटी झाली! चार फोटो टाकलेत. डोव्हटेल केलं नाही, कोपऱ्यात आतून दीड इंची सागाचे ठोकळे लावून सरस आणि स्क्रूने जोडलं. झाकण कापताना करवत एका कोपऱ्यात रेघेवरून दोन सूत खाली उतरली, तिथे फट आली होती, ती सागाच्या चकतीने भरली. उताराच्या फळ्यांवर खोगीर ठेवलं तेव्हा बाबांनी त्याच्या पोटाखाली हात घालून मधल्या फटीतून बोटं फिरवली आणि मान हलवली. आतल्या खणात वर ट्रे, खाली खरारा आणि ब्रश, साखळ्या दोन्ही बाजूंना, हात घालायला खाचा.

झाकणावर नाव टाकायचं तर एकीचं टाकलं की दुसरी राहते. म्हणून दोघींचे जुने नाल घासून दोन बाजूंना बसवलेत.

केंटकीकर | १५ एप्रिल, सकाळी ५:५०

किती सुंदर! आमच्या बार्नमध्ये सगळ्यांना फोटो दाखवले.

भाकरतुकडा | १५ एप्रिल, सकाळी ९:१०

+१. वाचनखूण साठवली. माझ्याकडे घोडा नाही, पण पेटी करणार आहे. गोधड्या ठेवीन.

घाटमाथा | २० ऑक्टोबर, रात्री ९:००

धागा वर काढतेय. पेटी तर झाली, पण माझा प्रश्न पावसाचा होता, आणि त्याचं उत्तर आता देता येतंय.

हिरडा_बाभूळ दादांचं वाचल्यावर मी एक पाहायचं ठरवलं. जुन्या, टाकून द्यायच्या तंगाचे दोन तुकडे केले. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही पुसून, वाळवून एक पेटीत ठेवला आणि दुसरा घरात स्वयंपाकघराच्या भिंतीला, चुलीपासून आठ-दहा फुटांवर टांगला. दर रविवारी दोन्ही पाहिले.

घरातला तुकडा शेवटपर्यंत स्वच्छ राहिला. पेटीतल्याला जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात बुरशी आली, पण सगळीकडे नाही. जी बाजू प्लायला टेकली होती तिथेच, बोटभर पट्टा. वरची बाजू, जिला भोकांतून हवा लागत होती, ती कोरडी. मग तोच तुकडा पुसून ट्रेच्या दांडीला टांगला, कुठेही न टेकता. ऑगस्टभर काही झालं नाही.

म्हणून आम्ही आता असं ठरवलंय की जून ते सप्टेंबर खोगिरं आणि लगाम घरात माणसांबरोबर राहतील. बाबांनी बाहेरच्या खोलीत दोन उतारांचा तसाच एक ठोकळा भिंतीला बसवला आहे. पेटीत पावसाळ्यात फक्त खरारा, आकडा, नाल, दोरखंड. उंदीर एकदाही आत आला नाही, जाळीवर दातांच्या खुणा आहेत पण पट्टी हलली नाही. खालचे सागाचे ठोकळे जसेच्या तसे. प्लायची एक कडा, जिथे मी अॅल्युमिनियमचा कोन लावायचा कंटाळा केला होता, ती फुगली आहे. दसऱ्याला दोन्ही खोगिरं काढली तेव्हा बाबांना पुसायला काही उरलं नव्हतं, नुसतं कुंकू लावलं.

दुसरी पेटी दिवाळीनंतर सुरू करते. फुगलेल्या कडेचा आणि आतल्या दांडीचा असे दोन नवे फोटो टाकलेत.

हिरडा_बाभूळ | २० ऑक्टोबर, रात्री ९:४०

टेकलेल्या बाजूलाच बुरशी आली हे तुम्ही नीट पाहिलंत, फार छान. दुसऱ्या पेटीत उताराच्या फळ्यांनाही अर्धा-अर्धा इंची भोकं पाडा, म्हणजे खोगिराच्या गाद्यांना खालून वारा लागेल.

पागेवरचा | २१ ऑक्टोबर, सकाळी ६:१५

बाबांना माझा नमस्कार सांग.

रंधेवाला | २१ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

फुगलेली कडा रंध्याने छाटू नका, आत थर सुटलेले असतील तर आणखी पाणी पिईल. आधी आठवडाभर उन्हात वाळवा, मग सुईने पातळ सरस आत सोडून दोन पट्ट्यांमध्ये आवळून ठेवा, आणि मग कोन मारा. आणि दुसऱ्या फोटोत बिजागरीचा डावीकडून तिसरा स्क्रू वर आलेला दिसतोय. तो काढून भोकात सरस लावलेली काडी ठोका, वाळली की पुन्हा बसवा.

घाटमाथा | २१ ऑक्टोबर, रात्री ८:०५

आत्ता जाऊन पाहिलं. तिसराच आहे.